बेलबॉटमचं पारडू

भागाअक्काने माझ्या नवऱ्याची लग्नातली काळी बेलबॉटम मागितली, तेव्हा मी म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. बरं, मागायला आली कधी? गोठ्यात आमची म्हैस मरणाच्या दारात असताना!

सत्त्याऐंशी साल, चोपड्याजवळचं आमचं गाव. म्हैस व्याली आणि चौथ्या दिवशी पारडू गेलं. अशा वेळी पारडाचं कातडं काढतात, त्यात भुसा भरून म्हशीपुढे ठेवतात, मग ती पान्हा सोडते. एवढं साधं. पण आमचे हे पडले मऊ काळजाचे! रडत रडत पारडू कातड्यासकट पुरून आले. आता म्हैस दूध चोरून उभी. कास तटतटलेली, हात लावला की लाथ. चाऱ्याला तोंड नाही. डॉक्टर इंजेक्शन देऊन म्हणाला, दूध उतरलं नाही तर कास सडेल, म्हैसही वाचायची नाही.

भागाअक्का आमच्या शेजारची, गोधड्या शिवणारी. ओसरीवर बसून तिने पँटचे पाय कापले, शिवले आणि त्यांत कापूस ठासला. माझा एक नंबर वेचलेला कापूस! मी धुसफुसत होते. पाठीला तिचं जुनं काळं लुगडं, पोटाला पारडू निजायचं ते गोणपाट, न धुतलेलं.

"अक्का, याला ना डोळे, ना कान," मी म्हटलं.

"म्हैस डोयावरी नही वळखस, नाकवरी वळखस. रुक्मा, तू मीठ आन."

मिठाचं पाणी शिंपडून तिने ते ध्यान म्हशीपुढे उभं केलं. उभं कसलं! पाय दुमडले आणि आडवं झालं. मला हसू फुटलं.

म्हशीने गोणपाट हुंगलं. मग घशातून असा आवाज काढला की माझं हसू तिथेच थिजलं. ती चाटू लागली. पाठ, मान, जिथे तोंड असायला हवं तिथेही. चाटता चाटता नाकाने खालून ढुशी देऊ लागली, त्याला उठवायला. ते पुन्हा पडे, ती पुन्हा उचले. देवा रे, कापूसच तो, मीच वेचलेला!

अक्काने सडांना हात घातला. लाथ नाही, पण धारही नाही. म्हैस वळून वळून बघत होती आणि ते पडलेलंच.

मला राहवेना. शेणात गुडघे टेकले, ते लुळे पाय दोन्ही हातांनी धरले आणि ओरडले, "ऊठ ना रे पोऱ्या, ऊठ! माय वाट देखी राहिनी!"

म्हशीने त्याच्यासकट माझेही हात चाटले. मागे बादलीत धार वाजली.