लॉक लागत नाही

चासिब मिस्त्रीने गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली, तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. करपलेलं.

"तिघा मिस्त्र्यांनी सांगितलं, गिअरबॉक्स गेला," टॅक्सीवाला लफ्ता म्हणाला. "नवा घालायचा तर गाडीच विकावी लागेल. मग बसऱ्याला उतारू कशावर नेऊ, पाठीवर?"

"तिघांतले गाडीत किती बसले?"

"एकही नाही."

"गाढवं. चल, चालव."

दिवानियाची गॅरेजं मागे पडली. चासिबचे डोळे इंजिनच्या फेऱ्यांच्या काट्यावर होते. टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक क्लच असतो. गाडी एका वेगाला लागली की तो इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांत अडकवतो, लॉक लागतं. नाही लागलं तर तेल नुसतं घुसळत राहतं, उकळतं, आणि गाडी पेट्रोल ढोसते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. लॉक लागताच काटा थोडा खाली बसतो, ब्रेकला पाय लागला की लॉक सुटतं आणि काटा उसळतो. बघायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात, आणि ते कुणाला नको असतात.

सत्तर. ऐंशी. काटा जागचा हलला नाही.

"ब्रेकला नुसता टेकव पाय."

"टेकवला."

काटा तिथेच.

"उतर. मी चालवतो."

त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत, सत्तरला चासिबच्या हातात बारीक हिसका जाणवला आणि काटा खाली बसला. त्याने ब्रेकला पाय टेकवला. काटा उसळला. पाय काढला, पुन्हा बसला.

"मेल्यांनो!" समोर नसलेल्या त्या तिघांवर तो ओरडला. "लॉक ठणठणीत आहे!"

लफ्ताचा चेहरा मात्र पडला. आपलं काही तरी पकडलं जाणार, असा.

परत तो चालवायला बसला तेव्हा चासिबने काटा सोडून खाली पाहिलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. डावा, ज्याला ऑटोमॅटिक गाडीत कामच नसतं, तो ब्रेकच्या पेडलवर, अलगद, निजलेल्या माणसावर हात ठेवावा तसा.

"अबू जमन," त्याला मुलाच्या नावाने हाक मारत चासिब म्हणाला, "डावा पाय काढ."

लफ्ताने काढला. काटा खाली बसला. मिनिटभरात पाय आपसूक जागेवर गेला आणि काटा चढला.

"दोन पायांनी चालवायला कुठल्या शहाण्याने शिकवलं?"

"कुणी नाही. अमेरिकी सैनिक नाक्यानाक्यावर होते त्या साली. हात वर झाला की थांबायचं. मी थांबलो होतो, उस्ता. एक गाडीभर पुढे जाऊन. तोवर त्यांनी गोळ्या झाडल्या. जमनची आई मागच्या सीटवर होती."

चासिबच्या जिभेवर शिवी आली होती. कुणाला द्यायची ते त्याला सुचेना.

"बाजूला घे," तो म्हणाला.

तो पाना घेऊन स्टिअरिंगखाली पाठीवर आडवा झाला. ब्रेकवर पाय आहे हे गाडीला कळवणाऱ्या, पेडलमागच्या स्विचचा नट सैल केला, स्विच दोन आटे सरकवला, नट आवळला. मग मागे जाऊन दिवे पाहिले. नुसत्या टेकलेल्या पायाने ते लागत नव्हते. दाबला की लागत होते.

"तेल तेवढं बदल," हात पुसत तो म्हणाला.

"आणि पाय?"

"राहू दे. तो तिथं आहे हे आता गाडीला कळणार नाही."