चोपन्नशे किलो

"दहावा ठोकळा उतरवल्याशिवाय मी सही करणार नाही," वासुदेवराव म्हणाले आणि वजनाचा तक्ता अडकवलेली पाटी त्यांनी काखोटीला मारली.

"बाबा, प्लीज. नॉट टुडे." नीरव या कार्यक्रमाच्या आयोजकांकडे नोकरीला होता आणि कानातल्या वायरलेसमधून एकाच वेळी तीन माणसे त्याला घाई करत होती. "स्पॉन्सर स्टेजवर बसलेत. वन पुल, दॅट्स ऑल. इट्स जस्ट अ नंबर!"

नंबर हाच तर सगळा प्रश्न होता. अमिरातीचा चोपन्नावा राष्ट्रीय दिन. म्हणून केक चोपन्न फुटी, आकाशात सोडायचे फुगे चोपन्न, समूहनृत्यात मुली चोपन्न. म्हणून रुवैसच्या वसाहतीतल्या मैदानावर, अल ऐनकडच्या एका मळ्यातून आणलेल्या अवजड घोड्यांनी चोपन्नशे किलो ओढायचे, असे कुणीतरी थंडगार खोलीत बसून ठरवले होते. लोखंडी घसरपाट, म्हणजे बिनचाकी गाडा, चारशे किलोचा. त्यावर सिमेंटचे पाचशे-पाचशे किलोचे ठोकळे. दर फेरीला एक ठोकळा वाढवायचा आणि जोडीने तो भार आठ मीटर ओढायचा. दुसरी जोडी आठव्या ठोकळ्याला हरली. बादल आणि नवाब या करड्या जोडीने नववाही नेला, पण शेवटच्या दोन मीटरांत बादलचे मागचे पाय थरथरताना वासुदेवरावांनी पाहिले होते. दहा ठोकळे अधिक घसरपाट, बरोबर चोपन्नशे. हिशेब इतका सुबक जुळला होता की त्यात घोडेही येतात याचा सर्वांना विसर पडला.

वासुदेवराव इथल्या एका कंत्राटदार कंपनीत क्रेनच्या भारांचे निरीक्षक होते. एकतीस वर्षे त्यांच्या सहीशिवाय जमिनीवरून काही उचलले गेले नव्हते आणि उचललेले काही पडलेही नव्हते. म्हणून आजच्या भारावरही सही त्यांचीच लागत होती. या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. आज साडेचारला याच स्टेजवर 'एकतीस वर्षे, शून्य अपघात' असे कोरलेले मानपत्र त्यांना मिळायचे होते. असल्या गोष्टींचे आपल्याला काही वाटत नाही, असे ते घरी सांगत. पण सांगलीच्या नव्या फ्लॅटमधली एक भिंत पत्नी सुजाताबाईंनी त्यासाठी मनाशी धरली, तेव्हा "तिथे नको, तिथे उजेड पडत नाही" असे तेच म्हणाले होते.

घोडे येणार म्हटल्यावर सकाळी आठलाच ते मैदानावर हजर झाले होते. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार अलीमियाँ हैदराबादचा. बादलच्या मानेवर हात ठेवून त्याने विचारले होते, "साब, तुम डरते नै?"

"मेरे पिताजी का टाँगा था. मिरज स्टेशन पे."

"अरे! तो फिर घर के आदमी हो." आणि घरच्या माणसाला सांगावे तसे त्याने या जोडीचे गुपित सांगितले. "ये ज़बान पे नै चलते. पीछे आकडा लगा, टन् बजा, कि गए! इसलिए लोहा बजाना नै इनके पीछे."

वासुदेवरावांनी बादलच्या खांद्याला नाक लावले. घाम, ओले गवत, चामडे. चाळीस वर्षांपूर्वी मागे टाकलेले मिरज त्या एका श्वासात सगळेच्या सगळे परत आले. पहाटेच्या गाडीने दवाखान्यासाठी उतरणारे लांबलांबचे पेशंट, कंदिलाची काच पुसणारे आप्पा, आणि पत्र्याच्या शेडमध्ये झोपेतही एक पाय उचलून उभी राहणारी चंद्री घोडी. चैत्रातल्या जत्रेत कृष्णेच्या वाळूत टांग्याच्या घोड्यांची ओढ लागायची. बिनचाकी फळीवर वाळूची पोती रचायची, फेरीला एक पोते जास्त. आप्पांनी चंद्रीला कधी उतरवले नाही. मात्र पंच म्हणून आप्पाच लागत. ते घोड्याच्या बरगडीला कान लावत आणि हात वर करत. हात वर झाला की मालक पाटील असो की फौजदार, पोते खाली यायचे. फौजदाराने एकदा विचारले होते, "टांगेवाले, घोडा तर तयार दिसतोय की!"

"घोडं न्हाई म्हणत नसतंय साहेब," आप्पा म्हणाले होते. "म्हणून मानसानं म्हणायचं असतंय."

पुढे वासुदेवरावांनी इंग्रजीतून भाराचे पुष्कळ शास्त्र वाचले, परीक्षा दिल्या, चौकटीत लावण्याजोगी प्रमाणपत्रे मिळवली. आप्पांच्या वाक्यापेक्षा जास्त त्यांपैकी एकातही काही सापडले नाही, हे त्यांनी साहेबांना अर्थातच कळवले नव्हते.

आता दुपारचे चार वाजून गेले होते. स्पॉन्सरांच्या फोटोसाठी जोडी भरल्या घसरपाटाला जोडून उभी केली होती. निवेदक "यल्ला! यल्ला! चलो! चलो!" असे दोन भाषांत ओरडत होता आणि गर्दी टाळ्यांचा ठेका धरत होती.

"नीरव," वासुदेवराव हळूच म्हणाले, "त्याचे मागचे पाय बघ. माझ्याकडे नको बघू. पाय बघ."

नीरवने पाहिले. रुवैसच्या शाळेत शिकलेल्या, घोडा फक्त फोनवर पाहिलेल्या त्या मुलाला त्या पायांत काय दिसले कोण जाणे. त्याने कानातले यंत्र दाबले. "होल्ड. आय सेड होल्ड. टेन्थ ब्लॉक इज कमिंग ऑफ." मग वडिलांना म्हणाला, "जॉब गेला तर मीपण येतो सांगलीला."

"ये. भाकरी थापायला शिकवेल तुझी आई."

खूप दिवसांनी बापलेक एकत्र हसले. जे घडले ते त्या हसण्याच्या भरात.

दहावा ठोकळा उचलायला फोर्कलिफ्ट येत होती. वासुदेवरावांनी ठोकळ्यावरचा जुना शॅकल सोडवला. हा मुठीत मावणारा पोलादी दुवा वाळूत ठेवायचा नसतो. त्याच्या स्क्रूच्या आट्यांत वाळू जाते. तो नेहमी लोखंडावर ठेवायचा, हे त्यांनी शेकडो पोरांना शिकवले होते, प्रसंगी शिव्या देऊन. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी तो शॅकल घसरपाटाच्या लोखंडी काठावर ठेवला.

टन्.

घोड्यांनी हुकूम पाळला. दोन्ही माना एकदम खाली गेल्या, साखळ्या ताणल्या, घसरपाट वीतभर सरकला आणि बादल पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर कोसळला. अलीमियाँ "या अल्ला" म्हणत पुढे झेपावला. नवाब एकटाच ओढत राहिला. टन् झाल्यावर थांबायचे असते, असे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

"फिफ्टी-फोर हंड्रेड!" निवेदक गर्जला. लोक उभे राहिले, शिट्ट्या झाल्या, आणि चोपन्न फुगे वेळेआधीच आकाशात गेले.

साखळीचा आकडा सोडवला गेला. बादल दुसऱ्या प्रयत्नात उठला. डाव्या गुडघ्याची कातडी तळहाताएवढी सोलली होती, आणि तो पाय तो टेकवत नव्हता. शामियान्यामागे अलीमियाँने त्यावर पाणी ओतले, हाड चाचपून पाहिले. "टूटा नै. मगर अब खींचेगा नै ये. खलास."

"गलती मेरी है, अलीमियाँ."

अलीमियाँने वर पाहिले नाही. "मैं सुबह बोला था ना, साब," एवढेच तो म्हणाला.

तेवढ्यात सुरक्षा विभागाचे प्रमुख गुणवंतराव लगबगीने आले. मानपत्र तेच देणार होते. "अहो, सरकलं की! वीतभर तर वीतभर. स्पॉन्सर भलते खूश आहेत. चला, कपडे झटका, पुढचं नाव तुमचं."

"मला अपघाताचा फॉर्म द्या."

"कसला अपघात?"

"जोडी न सोडवता मी भार उतरवायला घेतला. आणि शॅकल वाजवला."

गुणवंतरावांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "वासुदेवराव, कुणाला काही कळलेलं नाही. आणि घोडा काय आपला एम्प्लॉयी आहे? फॉर्ममध्ये एम्प्लॉयी नंबर लागतो!"

"माझा घालतो."

"अहो, तुमचंच शून्य जाईल ना! एकतीस वर्षं, आणि शेवटचे एकोणतीस दिवस! हे तुम्ही कुणासाठी करताय?"

प्रश्न प्रामाणिक होता. सुरक्षेवर दरवर्षी तीन भाषणे देणाऱ्या या सज्जन माणसाला उत्तर खरोखरच ठाऊक नव्हते. वासुदेवरावांनी नुसता हात पुढे केला. बराच वेळ तो हात तसाच राहिला, तेव्हा गुणवंतरावांनी बॅगेतून फॉर्म काढून त्यावर ठेवला आणि ते स्टेजकडे निघून गेले.

वासुदेवराव उलट्या बादलीवर बसले. स्टेजवर गुणवंतरावांचा आवाज घुमला. त्यांनी वासुदेवरावांचे नाव गाळून पुढचे घेतले. टाळ्या झाल्या. वासुदेवरावांचे पेन क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. कारण: निरीक्षकाची चूक. इजा: डावा गुडघा. जखमीचे नाव या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरांत 'बादल' लिहिले. साक्षीदाराचा रकाना कोरा ठेवला.

कुणीतरी शेजारी वाळूत येऊन बसले. नीरव होता. पांढऱ्या जॅकेटची पर्वा न करता त्याने मांडी घातली आणि वडिलांच्या खांद्यावरून फॉर्म वाचला. 

मग म्हणाला, "बाबा, टाइम चुकलाय. चार-दहा नाही. फोर-ट्वेल्व्ह. मी लॉग केलंय."

"तू लॉग केलंस?"

"सगळंच. मी बघत होतो."

वासुदेवरावांनी 'दहा'वर एक सरळ रेघ मारली, वर 'बारा' लिहिले आणि खोडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे बारीक सही केली. मग फॉर्म आणि पेन मुलाकडे दिले, आणि तो आपले नाव लिहीपर्यंत पाटी दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवली.