शिवणवालीचं दार

माझ्या थोरल्या बहिणीच्या खुनावरचा तो जुना सिनेमा लोक अजून आवडीने बघतात. उतारवयात मी वाचायला शिकले आणि त्याखाली प्रेक्षकांनी लिहिलेली मतं नातीच्या फोनवर अक्षर अक्षर लावत वाचू लागले.

"कडीचा सीन म्हणजे कमाल!"

"बाई मूर्खच. कोण आहे ते न विचारता दार उघडलं. मरणार नाही तर काय!"

ताई घरीच शिवणकाम करायची. गिऱ्हाईक कधीही यायचं, म्हणून दिवसभर दार सताड उघडं असायचं. तो माणूस आला तेव्हा ती दाराकडे पाठ करून मशीनवर बसली होती. दारावरची थाप, कडी काढणारा हात, सगळं सिनेमावाल्यांनी घातलं.

"अगं आजी, कुठे लोकांच्या नादी लागतेस," नात म्हणाली. तरी मी लिहिलं, "मी तिची धाकटी बहीण. दार उघडंच होतं."

एकाचं उत्तर आलं, "आजीबाई, सिनेमा नीट बघा. कडी तिनेच काढली."

त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. फोन परत घेताना नात हळूच म्हणाली, "पण आजी, तिने आधी विचारायला हवं होतं ना, कोण आहे म्हणून?"