साडूचं दुसरं घर

या, थोडं जवळ सरका. मागच्या बायांनो, तुम्हीसुद्धा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला नुसता मृदंग ऐकू येतो, आणि मला आज शब्दच सांगायचे आहेत. गोष्ट देवाची नाही. दोन साडूंची आहे, आणि त्यातला एक मी.

मी मुखरू. मुलचेऱ्याजवळ माझं धानाचं शेत आहे. पोटाला पुरतं, कोणाचं देणं अंगावर नाही. सप्ताह बसला की टाळ घेऊन बुवांच्या मागे उभं राहायचं, यापलीकडे मला कसला शौक नाही. बुवा मत्सरावर निरूपण करायचे तेव्हा सगळ्यात आधी माझी मान डोलायची. आणि डोलता डोलता डोळ्यांपुढे उभा राहायचा तो माझ्या साडूचा फ्रीज.

माझी बायको रंभा. तिची धाकटी बहीण पुनम, आणि पुनमचा नवरा प्रफुल, बल्लारपूरच्या मिलमध्ये मोठ्या पगारावर. मी थोरला जावई. आमच्याकडे पंगतीत पहिली पुरी थोरल्या जावयाच्या ताटात पडते. सहा वर्षं ती माझ्या ताटात पडली. प्रफुल जावई झाला त्या साली सासूबाई परात घेऊन आल्या आणि सरळ त्याच्याकडे वळल्या. नंतर म्हणाल्या, मुखरू काय, घरचाच आहे. घरचा म्हणजे काय, ते ज्याच्या ताटात मागून वाढतात त्यालाच विचारा.

बरं, माणूस उर्मट असता तर सोपं होतं. भेटला की वाकून पाया पडायचा, "साडूभाऊ, कसं हाय जी?" म्हणायचा. माझ्या लेकीच्या बारशाला त्याने चांदीचे वाळे आणले. सगळ्या गावाने हातात घेऊन पाहिले. मी आणलेलं झबलं कोणी पाहिलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि लोकांना वाटलं बापाला आनंद झाला.

मग ती साडी. प्रफुलच्या पोराच्या जावळाला पुनम जांभळ्या रंगाची साडी नेसली होती, पदरावर जरीचे पोपट. एका पोपटाची चोच विणायची राहिली होती. रंभाने पदर हातात धरून ते पाहिलं आणि हसली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. आष्टी ओलांडल्यावर म्हणाली, "पोपट बेस होते, नाई?" एवढंच. मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर भांडता आलं असतं.

दोन हजार एकच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीला प्रफुल उभा राहिला. माझ्या लेकीच्या शाळेतल्या मास्तरांनी मला बातमी दिली आणि वर विचारलं, तुमचे साडू ना ते? मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मी फक्त प्रफुलचा साडू झालो. मुखरू कुठे गेला कोण जाणे.

धान मळणीला आलं होतं. सुपं घ्यायला मी अहेरीच्या बाजाराला गेलो. बांबूची सुपं-टोपल्या घेऊन बाया ओळीने बसतात, त्या ओळीत एका बाईच्या अंगावर मला जांभळी साडी दिसली. पदरावर पोपट. जवळ गेलो, वाकलो, सूप पाहायच्या निमित्ताने पदर पाहिला. एका पोपटाला चोच नव्हती.

मी सूप घेतलं आणि नाव विचारलं. सुगंधाबाई, म्हणाली. चाळिशीची, नवरा गेलेली, हाताच्या बोटांना बांबूचे चरे. सूप उलटं करून वाजवून दाखवलं, म्हणाली, "दाना सांडला तर परत आना जी, मी इथीच रायते." ही साडी हिच्याकडे आली कशी, ते कळावं म्हणून मी पुढे जाऊन सुक्या मिरच्यांच्या पोत्यांमागे उभा राहिलो. घटकाभरात बल्लारपूरच्या बसमधून माझा साडू उतरला. तोंडाला दुपट्टा, हातात कापडाचं गाठोडं. गाठोडं त्याने तिच्या मागे ठेवलं, तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिने पानातली भाकर अर्धी करून त्याला दिली.

भावांनो, खोटं बोलत नाही, एकादशीच्या कीर्तनातसुद्धा मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. बायकोच्या अंगावरची साडी काढून दुसरीला नेसवतो. आणि याच्या ताटात पहिली पुरी. मी सूप डोक्यावर घेऊन मुलचेऱ्याला आलो ते नाचतच.

रंभाला सांगितलं नाही. आठ दिवस एकट्यानेच चघळलं. मग सप्ताहाच्या महाप्रसादाला बाजूच्या माणसाला सांगितलं, त्याने त्याच्या बाजूच्याला, आणि चौथ्या दिवशी माझ्या दारात जीप आली. बल्लारपूरचा इतवारी म्हणून माणूस, प्रफुलच्या विरोधातल्या उमेदवाराचा कार्यकर्ता. म्हणाला, शेवटच्या सभेत माईकवर या. तुम्ही सख्खे साडू, तुमचं लोक मानतील. मी वरवर नको नको केलं आणि आतून धोतर बदलायला धावलो.

जीप चालवणारा तौसीफ नावाचा पोरगेला माणूस होता. गोंडपिपरी मागे पडली. मग आरशातून पाहत म्हणाला, "भाऊ, साडूवर इतका राग हाय, त्यानं काय नेलं तुमचं?" मी विचार केला, पण नेलेलं काही आठवेना. त्याला म्हटलं, तू गाडी चालव.

सभा संध्याकाळची, आम्ही दुपारीच पोचलो. नातेवाइकाच्या गावात जाऊन त्याच्या घरचं पाणी प्यायलं नाही तर दोष लागतो. मी इतवारीला सांगून प्रफुलच्या घरी गेलो. पाणी प्यायलाच गेलो असं म्हणतो, पण खरं तर मला पुनमचं तोंड पाहायचं होतं.

ती एकटी होती. फ्रीज उघडून तिने पाण्याची बाटली काढली, आणि त्या उघड्या दारातून मला दिसलं की फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नाही. चहा काळा दिला. दूध संपलं म्हणाली. महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रंभा त्या पोपटांच्या साडीची फार आठवण काढते, दाखव ना.

पुनमने दार लोटून घेतलं. मग खाली बसली.

"भाऊजी, तुमी अयेरीले पायलं ना आमच्या ह्यायले? मले समजलं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिने सगळं सांगितलं, एका दमात, आवाज न चढवता. साड्या विकल्या होत्या. एक-दोन नाही, अकरा. प्रफुलचे वडील अहेरीकडे फॉरेस्ट गार्ड होते, तेव्हापासून सुगंधाबाईचं घर ओळखीचं. ती गावोगावच्या लग्नघरी साड्या विकून देते, कोणाच्या ते सांगत नाही. मोबदला म्हणून ती एक पोपटांची तिला दिली. इथे बल्लारपुरात विकल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर बोंब झाली असती.

मी म्हटलं, इतका पगार आहे.

"पगार येते ना जी. पाहुन्यावानी येते. चहा पिते अन् जाते. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, टीवीचा हप्ता. मंग कोनाचं लगन, कोनाचं बारसं. मोठा जवाई म्हनून मोठंच द्या लागते. तुमच्या पोरीचे वाळे आमी कसे केले, आमालेच ठावं."

मोठा जवाई म्हणाली ती त्याला. त्यातही मला तेवढंच टोचलं, पहा.

मग तिने पदर पुढे घेतला आणि हात जोडले. मला वाटलं, म्हणेल सभेत जाऊ नका. ती म्हणाली, "तुमी बोलाले आले ना आज, त बोला. बाईचं बोला. दुसरी ठेवली म्हना, मी आयकून घेईन. पन साड्या विकून रायलो, हे नोका सांगू. अन् ताईले तर बिलकुल नोका सांगू."

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. पण ती शुद्धीवर होती. म्हणाली, बाई ठेवलेल्याला लोक हसतात आणि विसरतात. घरात दूध नसलेल्याला कोणी मत देत नाही.

मी उठलो. खरं सांगायचं तर तिची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या मनात आलं ते वेगळंच. या माणसासाठी याची बायको स्वतःवर सवत ओढून घेते, सगळ्या गावासमोर. माझ्यासाठी रंभा असं करेल का? घराबाहेर पडताना मी त्याच्या पगारावर जळत नव्हतो. तो पगार आता मला कळला होता. मी त्याच्या बायकोच्या जोडलेल्या हातांवर जळत होतो.

मी सभेत गेलोच नसतो तर? पोट दुखतं म्हणालो असतो, तौसीफने सोडून दिलं असतं. पण पुनमने स्वतःच्या तोंडाने परवानगी दिली होती, आणि मत्सराला आणखी काय हवं असतं? पाप करायचं आणि वर उपकारही करायचा.

इतवारीने माईक पुढे केला. समोर गर्दी. आयुष्यभर बुवांच्या पाठीमागे उभा राहिलो, माणसांची तोंडं मला प्रथमच समोरून दिसत होती. मी साडूचं दुसरं घर सांगायला लागलो. सुरुवातीला कोणी लक्ष देईना. एक जण ओरडला, "कुठली बाई? नाव त सांग." आणि मला बुवांचं कीर्तन आठवलं. बुवा आख्यान लावताना गावाचं नाव सांगतात, घराचं सांगतात, अंगावरच्या वस्त्राचा रंग सांगतात, तेव्हा लोक पुढे सरकतात. मीही सांगितलं. अहेरी. सुपं विकणाऱ्या बायांची ओळ. जांभळी साडी, पदरावर पोपट. सुगंधाबाई.

लोक पुढे सरकले. इतकी शांतता मला टाळ वाजवून कधी मिळाली नव्हती.

प्रफुल निवडून आला. मोठ्या फरकानं आला. सभेच्या रात्रीच परत येताना पानठेल्यावर मी दोघांचं बोलणं ऐकलं होतं. एक म्हणत होता, "गडी दोन चुली पेटवून रायला, मंजे पैसेवाला हाय." दुसरा म्हणाला, "असाच मानूस पायजे जी, वार्डाचे पैसे खायाची त्याले गरज नाई." मी जे फेकलं होतं त्याचा त्याला हार झाला. संक्रांतीला सासूबाईंनी पहिली पुरी त्याला वाढली, आता नगरसेवक म्हणून. तो माझ्या पाया पडला. पुनम माझ्याकडे पाहून थोडी हसली, आभाराचं हसू. तेही मला नीट घेता आलं नाही.

बल्लारपूर-अहेरी बस रोज धावते. बातमीला तिकीट लागत नाही.

उन्हाळ्यात मी अहेरीला गेलो. सुपांच्या ओळीत सुगंधाबाई नव्हती. त्या बाया एकमेकींची जागा धरून ठेवतात, तिची कोणी धरली नव्हती. ती मला बैलबाजाराच्या कडेला सापडली, जिथे बाया बसत नाहीत. साधं लुगडं होतं अंगावर. मला ओळखलं तिने, म्हणाली, दाना सांडला का? मी म्हटलं, नाही, सूप चांगलं निघालं. इथे का बसता, विचारलं. टोपलीचा काठ वळता वळता तिने सांगितलं. जावयाने दारात येऊ नको म्हटलंय. लेक बाळंत झाली, नातू अजून पाहिला नाही.

"बल्लारपुरात कोनी माईकवर बोलला म्हनते," ती म्हणाली. "त्याले मी ठावी नाई, मले तो ठावा नाई. काऊन बोलला असंन जी?"

मी सुपांची किंमत विचारली. तिने दोन सुपं दिली, वर एक लहान टोपली तशीच दिली, घरच्या पोरांना खेळायला म्हणाली. मी ती घेतली. मीच तो, असं सांगणारच होतो, पण मुलचेऱ्याची बस लागली होती आणि मी तिच्याकडे पाठ फिरवून चालू लागलो. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला ती नव्हती. कोणी म्हणालं सिरोंच्याकडे भावाकडे गेली, कोणी म्हणालं ताप येऊन गेली.

म्हणून तुम्हाला सांगतो आहे, तिला सांगायचं होतं ते. प्रफुलला विसरलात तरी चालेल, त्याचं नाव नगरपरिषदेच्या पाटीवर आहे. मला विसरलात तर बरंच. पण हात जोडून मागतो, सुगंधाबाईची आठवण ठेवा. सुपं विणायची, आणि तिने कोणाचंही घर मोडलं नव्हतं.