बूटफेकी आईचं दुकान

रुरिको स्टेशनच्या पश्चिम दारातून बाहेर आली ती तोंडाला मास्क लावून, टोपी भुवयांपर्यंत ओढून. तरी मिसाओने तिला लांबूनच ओळखलं. वसतिगृहाच्या एका खोलीत वर्षं काढली की माणसाची चाल पाठ होते.

"लोक ओळखतील गं," रुरिको कुजबुजली. "रविवार आहे. सगळे चाहते इथंच असणार."

"असणारच. म्हणून तर रविवारी बोलावलं."

रुरिकोला ती थट्टा वाटली. ती हसली आणि मिसाओच्या दंडात हात अडकवून चालायला लागली, जणू मधली बारा वर्षं कुणी कात्रीने कापून टाकली होती.

रुरिको आता नावाजलेली पटकथालेखिका होती. तिने लिहिलेली ॲनिमे मालिका गेल्या वर्षी घराघरांत गाजली आणि टोकियोच्या या चढउतारांच्या जुन्या वस्तीचं, कासुमोरीचं, नशीब पालटलं. मालिकेतलं रेल्वे फाटक, मालिकेतलं सार्वजनिक न्हाणीघर, मालिकेतल्या दगडी पायऱ्या बघायला लांबलांबून पोरंपोरी यायची. मोबाइलवर मालिकेतलं चित्र उघडायची, हात लांब करून मोबाइल खऱ्या जागेसमोर धरायची, आणि रेघेला रेघ जुळली की आनंदाने चित्कारायची. तीर्थयात्रा म्हणायची याला. एका मासिकाला आता रुरिकोकडून लेख हवा होता, 'मैत्रिणीबरोबर कासुमोरीत'. मैत्रीण म्हणजे अर्थातच मिसाओ. ती इथंच वाढली होती.

मिसाओने फोनवर पटकन होकार दिला. गेलं वर्षभर ती याच फोनची वाट बघत होती.

फाटकापाशी रुरिकोने फोटो काढले. न्हाणीघराच्या धुराड्याखाली उभी राहून स्वतःचेही काढून घेतले. "अगदी तू सांगायचीस तसंच आहे गं सगळं!" ती म्हणाली. "तो साबणाचा वाससुद्धा!"

"मी बरंच काय काय सांगायचे तुला," मिसाओ म्हणाली.

"हो ना! रात्र रात्र!"

पायऱ्यांपाशी गर्दी होती. वस्तीच्या मंडळाने तिथे पाटी लावली होती, 'कृपया बूट फेकू नका'. पाटीच्या शेजारीच एक तरुण एका पायावर उभा होता आणि त्याची मैत्रीण वरच्या पायरीवरून त्याचा बूट खाली भिरकावत होती. "चालता हो! तुझं तोंड बघायचं नाही मला!" ती कर्कश आवाजात ओरडली. बूट टपटपत खाली गेला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मालिकेतला हाच प्रसंग सर्वांत गाजला होता. कोरोक्के, म्हणजे बटाट्याची कटलेटं, तळणारी एक खाष्ट बाई पोटच्या पोराला घराबाहेर काढते आणि त्याचे बूट पायऱ्यांवरून फेकते. पोरगा मोज्यांवर चालत निघून जातो आणि पुढे मरतो. चाहत्यांनी त्या बाईचं नाव ठेवलं होतं, बूटफेकी आई.

मिसाओने हा भाग पहिल्यांदा बघितला तेव्हा ती कपड्यांना इस्त्री करत होती. ब्लाउज जळून धूर निघाला तरी तिला कळलं नाही. ते बूट शुहेईदादाचे होते. दुकानात बसायचं नाही, उत्तरेकडे मासेमारीच्या बोटीवर जायचं, असं तो म्हणाला आणि आईचा तोल गेला. त्याच हिवाळ्यात ती बोट परत आली नाही. मिसाओने हे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, वसतिगृहाच्या खोलीत, उशीत तोंड खुपसून.

"कुणाचे बूट होते, आठवतंय?" तिने आता विचारलं.

रुरिकोचा हात दंडातून सुटला. "अगं, लिहिणाऱ्याला कुठून तरी घ्यावंच लागतं. आणि मी सगळी नावं बदलली ना."

"आईच्या हनुवटीवरचा तीळ नाही बदललास."

"तो चित्रकारांनी..." रुरिको अडखळली. "मी त्यांना जुना फोटो दाखवला होता फक्त. चिडलीस का? मला वाटलं, तुला बरं वाटेल. दादा लोकांच्या लक्षात राहिला."

"चल," मिसाओ म्हणाली. "भूक लागली असेल तुला."

दुकान पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी होतं. तोमीएबाई, मिसाओची आई, कढईमागे उभी होती. पावाचा चुरा लावलेली बटाट्याची कोरोक्के तेलात सोडत होती, सोनेरी झाली की काढत होती. समोर मोठी रांग होती. निम्मे लोक खायला आले होते, निम्मे तिच्या हनुवटीचा फोटो काढायला. "तीच गं ती," कुणीतरी हळूच म्हणत होतं. आईला ऐकू येतं की नाही, हे मिसाओला कधीच कळलं नव्हतं. दोघींनी या विषयावर कधी तोंडच उघडलं नव्हतं.

मिसाओने मनात हा क्षण शंभरदा रंगवला होता. ती रांगेच्या पुढे गेली, रुरिकोची टोपी खस्सकन ओढून काढली आणि मोठ्याने म्हणाली, "ऐका सगळ्यांनी! तुमची मालिका लिहिणारी ही. माझ्याच खोलीत राहिली, माझ्या मेलेल्या भावाला विकून खाल्लं हिने. ज्या बाईला तुम्ही राक्षसीण म्हणता, ती माझी आई. विचारा हिला, लाज वाटते का!"

मग एक मुलगी किंचाळली, "म्हणजे खरी गोष्ट आहे ही?" आणि गर्दी उसळली. कुणी रुरिकोच्या सह्या मागायला लागलं, कुणी मिसाओचे फोटो घ्यायला लागलं. "तुम्ही म्हणजे धाकटी बहीण? मालिकेतली?" एकाच्या डोळ्यांत तर पाणी होतं. जिला जाळायला आणलं तिच्याच आरतीचं तबक मिसाओने पेटवलं होतं.

"रांग मोडायची नाही!" तोमीएबाईने झारा कढईच्या काठावर आपटला. लोक मागे सरले. तिने गॅस बंद केला, दुकानावर पडदा ओढला आणि दोघींकडे न बघता म्हणाली, "आत या."

आतल्या खोलीत देव्हाऱ्यावर शुहेईचा फोटो होता. आईने दोघींपुढे एकेक गरम कोरोक्के ठेवलं. रुरिकोने ताटली बाजूला सरकवली.

"काकू, मी माफी..."

"तुझं धंद्याचं काम होतं, तू केलंस," आई म्हणाली. "मी बघितली मालिका. शेजारच्या ओगाताबाईंकडे बसून, सगळे भाग. चांगली आहे. मीही रडले." मग ती मिसाओकडे वळली. "त्या संध्याकाळी पायऱ्यांवर मी होते, शुहेई होता आणि खिडकीत तू. तो गेला. मी कुणाला बोलले नाही. मग हिला कुणी सांगितलं?"

मिसाओची मान खाली गेली.

"तुझ्या मालिकेत मुलगा परत येत नाही," आई रुरिकोला म्हणाली.

"नाही, काकू."

"आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे. ही झोपली होती. मी बूट पुसून दारात ठेवले होते. उभ्याउभ्या दोन कोरोक्के खाल्ली, बूट घातले आणि जाताना मला एक वाक्य बोलला."

दोघीही श्वास रोखून पुढे झुकल्या. आईने ते बघितलं, आणि तिच्या तोंडावर एक समाधान पसरलं. मिसाओने ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाला, ते तुला सांगणार नाही. तू लिहिशील," ती म्हणाली. "आणि मिसाओ, तुलाही नाही. तू सांगशील. माझ्याबरोबर जाईल ते." तिने ताटल्या उचलल्या. "आता जा. लोक उभे आहेत."

त्यानंतर रुरिकोचे फोन सुरू झाले. मालिकेचं दुसरं पर्व लिहायला घेतलं होतं आणि ते पुढे सरकत नव्हतं. जे लिहीन ते त्या वाक्यापुढे खोटं वाटतं, म्हणायची. तिने तोमीएबाईला महागड्या मिठाईचा डबा पाठवला. बाईने तो रांगेतल्या पोरांना वाटून टाकला.

मिसाओ आता दर रविवारी दुकानात बटाटे सोलायला जाते. आई तिच्याशी सगळं बोलते, ओगाताबाईंच्या मांजरापासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत. मिसाओने एकदा विचारून बघितलं. आई म्हणाली, "साल जाड काढतेयस."

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन वाजला. "निदान एवढं तरी कळव," रुरिको रडकुंडीला आली होती, "रागाचं वाक्य होतं की मायेचं?"

मिसाओने बाजूला तळणाऱ्या आईकडे बघितलं. "आईने मला सांगितलं काल," तिने फोनवर सावकाश थाप मारली. "इतकं सुंदर आहे ना, रुरिको. तुझी अख्खी मालिका त्याच्यापुढे काहीच नाही."

पलीकडून आवाजच येईना. मिसाओने ती शांतता पोटभर ऐकली आणि फोन बंद केला. आईने मान वर केली नाही, पण झारा फिरवता फिरवता तिचा हात किंचित थांबला, आणि मग तिने ताजं, करकरीत कोरोक्के काढून लेकीच्या पुढ्यात ठेवलं.