लव्होनवहिनीची पहिली रायफल

ऑर्विल, माझा थोरला भाऊ, मार्चमध्ये गेला आणि ऑक्टोबरात लव्होनवहिनी म्हणाली, मला रायफल घ्यायचीय. एकतीस वर्षं हिने आमच्या जंगलातल्या खोपटात शिकाऱ्यांसाठी बीन्स शिजवले, बंदुकीला कधी बोट लावलं नाही. आणि आता बासष्टाव्या वर्षी ऑर्विलच्या मचाणावर बसायचं म्हणे! मला राग आला, खोटं कशाला बोलू. ते मचाण यंदा रिकामं ठेवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं.

तरी गेलो तिच्याबरोबर दुकानात. म्हटलं, ऑर्विलची रायफल पडून आहे, तीच वापर. दुकानदाराने ती तिच्या खांद्याला लावून पाहिली. दस्ता तिला चांगला चार बोटं लांब, शिवाय त्या रायफलीचा धक्का असा की दुसऱ्या बाराला वहिनी डोळेच मिटणार. त्याने एक हलकी, आखूड दस्त्याची, लहान गोळीची रायफल काढली. हरणाला तेवढी पुष्कळ होते हे मलाही ठाऊक होतं, पण मी तोंड फुगवून बसलो. रायफलीवर बसवायची दुर्बीण मात्र वहिनीला मोठ्यात मोठी हवी होती. दुकानदार म्हणाला, तुमच्या झाडीत हरीण पन्नास पावलांवर येतं, तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारी घ्या आणि तिचं फिरवायचं कडं तीनवरच ठेवा.

दोन आठवडे मी तिला खडीच्या खाणीत नेम शिकवला. बाई भराभर शिकली, हे कबूल करायला जिवावर येत होतं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ती शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटाखाली ऑर्विलचा चौकड्यांचा शर्ट घालून आली. साडेआठला तिच्या बाजूने एकच बार ऐकू आला. मी बर्फ तुडवत गेलो. रक्ताचा थेंब नव्हता, आणि वहिनी वर बसून डोळे पुसत होती. समोरच्या बर्चच्या झाडावर ऑर्विलने चाकूने कोरलेलं तिचं नाव वाचायला तिने कडं नऊवर फिरवलं होतं, ते तसंच राहिलं. हरणाचा नर आला चाळीस पावलांवर. दुर्बिणीत नुसती तपकिरी लव, खांदा कुठला नि पोट कुठलं. घाईत झाडलेली गोळी बर्चला लागली.

आमच्या खोपटात नेम चुकला की शर्टाचा मागचा सोगा कापून, नाव-साल लिहून भिंतीवर ठोकतात. ऑर्विलचेच सात आहेत तिथे. कात्री नेहमी त्याच्याकडे असायची, आता माझ्याकडे आली होती. जेवणाच्या टेबलावर सगळे खाली मान घालून बसले. मी कात्री बाजूला ठेवली.

"राहू दे वहिनी. हा शर्ट नको."

तिने उठून पँटमधून सोगा बाहेर ओढला. "डेलमार, मी इथली आहे की पाहुणी?"

"इथलीच."

"मग काप."

कापला. वाकडातिकडा कापला गेला. तिचं नाव लिहिलं आणि ऑर्विलच्या सगळ्यात जुन्या तुकड्याशेजारी ठोकला. मग मी बाहेर जाऊन पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला मचाणापर्यंत मीच सोडायला गेलो. ती वर चढून बसली तरी माझा पाय निघेना.

"कडं?" मी खालून विचारलं.

"तीनवर," ती म्हणाली. "जा आता तू. मी आहे इथे."