नकाशातला हिरवा रंग

खुशालराव माळ्यानं उजाडतानाच मोट जुंपली आणि शेवंतीच्या वाफ्यांना पोटभर पाणी दिलं. आज नागपूरहून नकाशेवाला साहेब येणार होता. शहर सुधारायचा नवा कायदा आला होता आणि अकोल्याच्या नव्या नकाशातला रुंद रस्ता नेमका खुशालरावच्या विहिरीवरून जात होता. अख्खं अकोला पडलं होतं, पण मेल्या रस्त्याला हीच विहीर सापडली!

हरकतीचा अर्ज लिहून देताना बापूसाहेब वकिलांनी बजावलं होतं, "विहीर दाखव आणि गप्प बस. मळा मिरवत बसू नकोस."

पण दारी आलेल्याला मळा दाखवायचा नाही, तर माळ्याच्या पोटी जन्माला यायचं कशाला? खुशालरावनं साहेबाला वाफा न् वाफा फिरवला, विहिरीचं गार पाणी पाजलं. साहेब काठावर बराच वेळ बसला. चांगला माणूस होता.

"इतकी सुंदर जागा मोडायची? छे! रस्ता पलीकडून नेऊ."

खुशालरावचे डोळे भरून आले.

"साहेब, रिकाम्या हातानं नोका जाऊ," म्हणत त्यानं टांग्यात शेवंतीची भरली टोपली ठेवली.

दिवाळीनंतर म्युनिसिपल कमेटीच्या कचेरीत सुधारलेला नकाशा लागला. बापूसाहेबांनी बोट ठेवून दाखवलं. रस्ता खरंच पलीकडे सरकला होता आणि मळ्यावर हिरवा रंग होता.

"वाचला नं मंग मया मळा?"

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हिरवा रंग सरकारी बागेचा, खुशाल. साहेबांचं म्हणणं, अशी जागा सगळ्या शहराला मिळाली पाहिजे. विहिरीसकट घेणार."

"रस्त्यात तं नुसती विहीरच जात होती! अन् मंग आमी कुठी जाचं?"

"बागेला माळी लागेलच. मी शब्द टाकतो."

खुशालराव तसाच मागे वळला. तो घरी आला तेव्हा बायको जमुना दारातच उभी होती.

"काय झालं वो?"

"रस्ता पलीकडून गेला."

"देव पावला, बाई!" म्हणत ती देवापुढे साखर ठेवायला आत पळाली. तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला.

"अवो, शेवंती सुकून राहिली नं! पानी नाई देनं?" जमुनानं आतून विचारलं.

"सुकू दे."

ऊन कललं. शेवंतीनं माना टाकल्या. खुशालराव थोडा वेळ तिकडे पाठ करून बसला, मग उठला आणि बैल सोडून आणून मोटेला जुंपले.